वृद्धाश्रमात आईची हेळसांड झाली : कायद्याने दाद कोठे आणि कशी मागावी?

चरईकर :

नमस्कार. हे येथे लिहावे की नाही, या विचारात माझे बारा दिवस गेले. आईला घराबाहेर ठेवण्याचा निर्णय आमचाच होता आणि त्यामुळे तक्रार करायला तोंड उघडले की पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जाणार, हे मनात घट्ट बसले होते.

आई ७८ वर्षांची आहे. नऊ वर्षांपासून तिला पार्किन्सनचा आजार आहे. मागच्या वर्षी ती घरात दोनदा पडली. आम्ही दोघेही नोकरीला जातो आणि ब्युरोकडून येणाऱ्या बाया दोन महिन्यांच्या वर टिकत नव्हत्या. म्हणून जूनमध्ये आम्ही तिला खारघरच्या बाजूच्या एका खासगी शुश्रूषा केंद्रात ठेवले. दरमहा ३८,००० रुपये आणि सुरुवातीला एक लाख रुपये अनामत असा व्यवहार ठरला होता. दर रविवारी दुपारी चारच्या सुमारास आम्ही भेटायला जात असू. आम्ही पोहोचेपर्यंत ती केस विंचरून, स्वच्छ गाऊन घालून बाहेरच्या दालनात व्हीलचेअरवर बसवलेली असायची. तिच्या खोलीत जाण्याचा आग्रह आम्ही आठ महिन्यांत एकदाही धरला नाही, याचे मला आज सर्वांत जास्त वाईट वाटते.

त्या मंगळवारी मला पनवेलला काम होते, म्हणून न कळवता साडेअकराला तेथे गेलो आणि कोणी अडवायच्या आत जिना चढून खोलीत शिरलो. आईची दोन्ही मनगटे पलंगाच्या कठड्याला सुती ओढणीने बांधलेली होती. पाण्याचा पेला खिडकीच्या कट्ट्यावर, म्हणजे हात मोकळे असते तरी पोहोचला नसता इतका लांब होता. सकाळची पेज वाटीत तशीच होती आणि तिच्यावर जाड साय धरली होती. भिंतीवरच्या औषधांच्या तक्त्यात दुपारी दोनच्या गोळीसमोर ‘दिली’ अशी खूण साडेअकरालाच झालेली होती. पार्किन्सनच्या रुग्णाला गोळी वेळेवर मिळाली नाही तर अंग लाकडासारखे ताठ होते, घास गिळता येत नाही आणि बोलणेही उमटत नाही, हे ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना सांगायला नको. मी त्या तक्त्याचा फोटो काढला. आईची कूस बदलली तेव्हा माकडहाडावर माझ्या तळहाताएवढी जखम दिसली. ठाण्याच्या रुग्णालयात आणल्यावर वजन ४३ किलो भरले. जूनमध्ये ते ५१ होते.

तेथून निघताना ‘रुग्णास स्वेच्छेने घेऊन जात असून संस्थेविरुद्ध कोणतीही तक्रार नाही’ अशा मजकुराच्या छापील कागदावर सही केल्याशिवाय अनामत मिळणार नाही, असे सांगण्यात आले. मी सही केली नाही. आई अजून रुग्णालयात आहे. पोलिसांकडे जावे, ग्राहक आयोगाकडे जावे की महापालिकेकडे, आणि यांपैकी आधी काय करावे, हे कोणी अनुभवाने किंवा अभ्यासाने सांगू शकेल काय?

नेरुळ_पूर्व :

वाचून फार वाईट वाटले. सही केली नाहीत, हे उत्तम केलेत. माझ्या माहितीप्रमाणे ज्येष्ठ नागरिकांसाठी प्रांत कार्यालयात न्यायाधिकरण असते आणि तेथे वकिलाशिवाय अर्ज करता येतो. माझ्या मावशीला तेथून मुलाविरुद्ध पोटगीचा आदेश मिळाला होता. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिचाही उपयोग होऊ शकेल.

कोर्टनाक्यावरून :

मी ठाण्यात वकिली करतो. आधी न्यायाधिकरणाबद्दल लिहितो, कारण हा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांत असतो आणि त्यात महिने वाया जातात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा कायदा मुलांकडून आणि वारसांकडून निर्वाहभत्ता मिळवण्यासाठी, किंवा सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता परत मिळवण्यासाठी आहे. नेरुळ_पूर्व यांच्या मावशींना तेथे दाद मिळाली ती त्यामुळेच. पैसे घेऊन सेवा देणाऱ्या खासगी संस्थेने हेळसांड केली, तर त्या न्यायाधिकरणासमोर संस्थेला उभे करता येत नाही. खासगी शुश्रूषा केंद्रांची नोंदणी सक्तीची करणारे दुरुस्ती विधेयक २०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि त्या लोकसभेची मुदत संपेपर्यंत मंजूर झाले नाही. त्यामुळे ‘वृद्धाश्रमांचा कायदा’ म्हणून एकच पुस्तक उघडावे आणि त्यात उत्तर मिळावे, अशी सोय येथे नाही. आपले प्रकरण कोणकोणत्या कायद्यांत बसते, ते शोधावे लागते.

तुमच्या आईंच्या बाबतीत सर्वांत बळकट आधार अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचा आहे आणि नेमका तोच कोणाला सुचत नाही. या कायद्याच्या परिशिष्टात पार्किन्सनचा आजार नावानिशी नोंदलेला आहे. कलम ९२ प्रमाणे, अपंग व्यक्ती ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, त्याने तिला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारले, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. खिडकीच्या कट्ट्यावरचा तो पेला आणि ती पेज तुम्ही तक्रारीत जशी येथे लिहिली आहे तशीच लिहा. ‘नीट काळजी घेतली नाही’ या एका वाक्यात ती बुडवू नका. अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढलेले नसेल, तर त्याचा अर्ज आजच करा आणि तोपर्यंत नऊ वर्षांची उपचारांची कागदपत्रे तक्रारीला जोडा.

भारतीय न्याय संहितेतही या प्रसंगाला लागू पडणारी कलमे आहेत. हात बांधून ठेवणे हा कलम १२६ आणि १२७ खालचा अन्यायकारक अटकाव व बंदिवास आहे. बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे जीव धोक्यात घालणाऱ्या कृतीसाठी कलम १२५ आहे. कलम ३५७ तर असहाय माणसाची शुश्रूषा करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणाऱ्यासाठीच आहे. त्यातली शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, एवढी लहान आहे आणि गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. म्हणून केवळ तेच कलम लावून तुमची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, करून घेण्याचा प्रयत्न झाला तर आग्रहाने थांबा. तक्रारीतील एक गुन्हा जरी दखलपात्र असला, तरी संपूर्ण प्रकरण दखलपात्र म्हणूनच तपासावे लागते.

घटना खारघरच्या बाजूची असली, तरी तक्रार ठाण्यातील पोलीस ठाण्यातही देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे हद्दीबाहेरचा गुन्हाही शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवावा लागतो. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात, तेव्हा त्या चौदा दिवसांत घाबरून जाऊ नका. नोंद नाकारली, तर लेखी तक्रार रजिस्टर्ड पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवावी आणि तेथेही काही झाले नाही, तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. प्रत्येक पायरीची पोच जपून ठेवा, कारण आधीच्या पायरीचा कागद नसेल तर दंडाधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतात.

या सगळ्याच्या आधी आज, उद्या नव्हे, रुग्णालयातील डॉक्टरांना सांगून मेडिकोलीगल नोंद, म्हणजे पोलिसांसाठी पुरावा ठरणारी इजांची अधिकृत नोंद, करून घ्या. जखमेची लांबी, रुंदी, खोली आणि तिचा टप्पा, मनगटांवरचे वळ, वजन आणि शरीरातील पाण्याची कमतरता हे सगळे डॉक्टरांच्या हस्ताक्षरात यायला हवे. जखम भरत जाते ही तुमच्या आईंसाठी आनंदाचीच गोष्ट आहे, पण तिच्याबरोबर पुरावाही पुसला जातो.

रात्रपाळी :

मी परिचारिका आहे. निवृत्तीनंतर तीन वर्षे मी अशाच एका ठिकाणी काम केले आणि मन लागेना म्हणून सोडले. वकीलसाहेबांनी कायद्याचे सांगितले आहे, मी वहीबद्दल सांगते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलायची असते आणि त्याची नोंद वेळेसह ठेवायची असते. कूस बदलण्याचा तक्ता, खाण्यापिण्याचा व लघवीचा तक्ता, औषधांचा तक्ता आणि पाळी बदलताना लिहायची वही, असे हे चार कागद आहेत. यांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा आणि त्याच अर्जात सीसीटीव्हीचे चित्रीकरण जतन करण्याची मागणी करा, कारण ठरावीक दिवसांनी जुन्या चित्रीकरणावर नवे चढते. संस्था देणार नाही, असे म्हणून अर्ज टाळू नका. मागूनही दिले नाही, हेसुद्धा पुढे उपयोगी पडते. तळहाताएवढी जखम होण्याआधी कातडी लाल होते, बोटाने दाबले तरी ती लाली जात नाही, मग कातडी फुटते, मग आतले मांस दिसू लागते. यांतल्या प्रत्येक टप्प्याला कोणीतरी आईंना आंघोळ घातली आहे, डायपर बदलला आहे आणि पाहिले आहे. त्या दिवशीच्या नोंदी काय म्हणतात, हा खरा प्रश्न आहे.

औषधांच्या तक्त्याचा तुमचा फोटो सर्वांत मोलाचा आहे. आधीच भरून ठेवलेला तक्ता मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. सकाळच्या पाळीच्या बाईला सकाळीच सगळ्या खुणा करून ठेवायला सांगितले जाते.

एक विनंती मात्र करते आणि ती मनापासून आहे. रात्री चौदा रुग्णांमागे एक आया असते. तिला बारा तासांची पाळी असते, प्रशिक्षण कोणी दिलेले नसते आणि ओढणीने बांधायलाही तिला वरूनच शिकवलेले असते. तक्रार झाली की मालक त्याच आयाला कामावरून काढतो आणि ‘दोषी कर्मचाऱ्यावर कारवाई केली’ असे पत्र तुमच्या हाती देतो. तक्रारीत चालक, व्यवस्थापक आणि भेटीस येणारे डॉक्टर यांची नावे प्रथम लिहा. किती रुग्णांमागे किती माणसे होती, याचा हजेरीपट मागा.

कोर्टनाक्यावरून :

रात्रपाळी यांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर आहे. त्याला जोडून ग्राहक आयोगाबद्दल लिहितो. फौजदारी तक्रार आणि ग्राहक तक्रार या दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

पैसे घेऊन दिलेली शुश्रूषा ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवा आहे आणि जे घडले ती सेवेतील त्रुटी आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येत असल्याने, केंद्र रायगड जिल्ह्यात असले तरी तुम्हाला ठाणे जिल्हा आयोगाकडे जाता येईल. जिल्हा आयोगाची मर्यादा दिलेल्या मोबदल्यावर मोजली जाते आणि ती ५० लाखांपर्यंत आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. तुमचे आठ महिन्यांचे ३,०४,००० रुपये आणि अनामत मिळूनही आपण त्या मर्यादेच्या आत आहोत. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून दाखल होते, तरीही छापील संच तयार ठेवावा.

महापालिकेबद्दल सांगायचे, तर खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल हा भाग पोलिसांच्या दृष्टीने नवी मुंबई आयुक्तालयात येतो, पण महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड. अनेकांचे अर्ज येथेच चुकीच्या पत्त्यावर जातात. अर्ज पनवेल महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य विभागाकडे द्यावा आणि संस्था शुश्रूषागृह नोंदणीच्या १९४९ च्या कायद्याखाली नोंदलेली आहे का, असे स्पष्ट विचारावे. संस्था बहुधा ‘आम्ही वृद्धाश्रम आहोत, रुग्णालय नव्हे’ असे म्हणेल. परंतु त्या कायद्यातील व्याख्या आजारी, जखमी किंवा दुर्बल व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागेची आहे. त्यांच्या माहितीपत्रकात ‘चोवीस तास नर्सिंग’ आणि ‘डॉक्टरांची नियमित भेट’ असे छापलेले असेल, तर ते पत्रक अर्जाला जोडा. संस्था न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडेही जाता येते.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल, तर हे लक्षात घ्या की विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्य मिळते. तुमच्या आई दोन्ही निकषांत बसतात. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचे कार्यालय आहे. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते.

वाघबीळ :

मी हा धागा रात्री दोन वाजता वाचते आहे आणि प्रतिसाद लिहिल्याशिवाय राहवले नाही. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश होता. सोळा महिन्यांपूर्वी ते नवी मुंबईतील एका केंद्रात होते. एका संध्याकाळी ‘जरा अशक्तपणा आहे, येऊन जा’ असा फोन आला. आम्ही त्यांना रुग्णालयात नेले तेव्हा त्यांची जीभ लाकडासारखी कोरडी पडलेली होती आणि पाठीवर दोन ठिकाणी जखमा होत्या. तिसऱ्या दिवशी ते गेले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला, असे सांगितले. त्यांच्या घोट्यांवर पट्ट्यासारख्या खुणा होत्या. मी त्याबद्दल केंद्रात फोनवर विचारले, तर ‘ते रात्री उठून फिरायचे आणि आमच्याकडे रात्री माणूस कमी असतो’ असे उत्तर मिळाले. शवविच्छेदन करावे, असे कोणाच्याही मनात आले नाही. भाऊ म्हणाला, आता त्यांच्या देहाचे हाल नकोत, आणि त्याच संध्याकाळी आम्ही अंत्यसंस्कार केले. आता काहीच होऊ शकत नाही ना?

कोर्टनाक्यावरून :

ताई, होऊ शकते. ग्राहकाचा मृत्यू झाला असेल, तर त्याच्या वारसांना तक्रार करता येते. सोळा महिने झाले असतील, तर दोन वर्षांच्या मुदतीतील आठ महिने शिल्लक आहेत. शवविच्छेदन नाही, त्यामुळे निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला असे फौजदारी खटल्यात सिद्ध करणे फार अवघड जाईल, हे मी लपवत नाही. पण ग्राहक आयोगासमोर सेवेतील त्रुटी दाखवायची असते आणि रुग्णालयात दाखल होतानाच्या पहिल्या तासाच्या नोंदींत कोरडी जीभ, जखमा आणि घोट्यांच्या खुणा लिहिलेल्या असण्याची चांगली शक्यता आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि त्या तीन वर्षे जपाव्या लागतात. म्हणून थांबू नका.

फोनवरचे ते उत्तर आठवेल तितके, तारीख व वेळेसह, आजच लिहून काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा आणि भानाचा गंभीर बिघाड येतो, आणि असे रुग्ण ठेवून घेणाऱ्या संस्थेला त्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. कलम ९७ प्रमाणे रुग्णाला बांधणे हे तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि कारणाच्या नोंदीसह करता येते. कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणासाठी बांधता येणार नाही, असे त्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे. त्यांनी फोनवर तुम्हाला नेमके तेच कारण सांगितले.

चरईकर :

सात आठवड्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. ज्यांना पुढे याची गरज पडेल त्यांच्यासाठी झाले ते सांगतो.

मेडिकोलीगल नोंद त्याच दिवशी झाली. पोलीस ठाण्यात प्रथम ‘हद्द आमची नाही’ असे उत्तर मिळाले. मी कलम १७३ चा उतारा छापून नेला होता, तो शांतपणे पुढे ठेवला आणि दीड तासाने शून्य क्रमांकाने नोंद झाली. चौकशीनंतर कलम ९२ आणि १२७ कायम राहिले आहेत. आईचा जबाब रुग्णालयातून घरी आल्यावर घरीच झाला, कारण स्त्रीला आणि साठ वर्षांवरील व्यक्तीला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. तपास अधिकारी सकाळी नऊला येणार होते, त्यांना आम्ही साडेदहाची वेळ मागून घेतली. दहाची गोळी लागू पडल्यावर आईचा आवाज उमटतो, त्याआधी तो ओठांतच राहतो. तिने पंचावन्न मिनिटे सांगितले. तिला रोज बांधून ठेवत आणि रविवारी मात्र सकाळीच सोडत, हे आम्ही त्या दिवशी प्रथमच ऐकले.

रात्रपाळी ताई, तुम्ही म्हणालात तसेच पत्र आले. ‘संबंधित आयास कामावरून कमी केले आहे’ असे त्यात होते. त्या आयाचा पत्ता आमच्या वकिलांनी मिळवला आणि ती साक्ष द्यायला तयार आहे. संस्थेने दुसऱ्या पत्रात तक्रार मागे घेतल्यास अनामत अधिक दोन महिन्यांचे पैसे देऊ, असे कळवले. आम्ही नाही म्हणालो. ते पत्र ग्राहक तक्रारीला जोडले आहे. महापालिकेच्या आरोग्य विभागाने पाहणी केली आणि नोंदणीबाबत संस्थेला नोटीस दिली आहे. फोटो ज्या फोनवर काढले तो फोन मी बदलणार होतो, पण वकिलांनी थांबवले. मूळ फोन जपून ठेवायला हवा आणि फोटोंच्या प्रतींसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे, प्रमाणपत्र लागते. जखम अर्ध्याहून अधिक भरली आहे आणि वजन ४६ किलो झाले आहे.

‘तुम्हीच ठेवलीत ना’ हे मला तीन नातेवाइकांनी विचारले. होय, आम्हीच ठेवले आणि नीट सांभाळण्याचे वचन ज्यांनी पैसे घेऊन दिले त्यांच्याकडे ठेवले. पोलिसांनी मात्र हे एकदाही विचारले नाही.

वाघबीळ :

रुग्णालयातील नोंदी मिळाल्या. पहिल्या पानावर ‘दोन्ही घोट्यांवर आवळल्याच्या खुणा’ असे लिहिलेले आहे. भावाला तो कागद वाचून दाखवला, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग स्वतःच उठून कपाटातून केंद्राच्या सगळ्या पावत्या काढून आणल्या. वकीलसाहेब, शेवटची पावती पुढच्या महिन्याच्या आगाऊ पैशांची आहे, बाबा गेल्यानंतरच्या महिन्याची. तीही जोडायची का?

कोर्टनाक्यावरून :

सर्वांत वर जोडा. सोमवारी अकराला दोघेही या आणि मूळ पावत्या आणा.